जुन्या सुरांची डागडुजी

मुलांनो, 'सूर' हा शब्द तुम्ही रोज ऐकता. प्रार्थनेच्या वेळी बाई म्हणतात, "सुरात म्हणा." एखाद्याचे गाणे आवडले की आजोबा म्हणतात, "काय सुंदर सूर लागला!" पण 'सूर' नावाचे एक गावही आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? हे गाव आपल्या देशात नाही. ते अरबी समुद्राच्या पलीकडे, ओमान देशात आहे. गावाचे हे नाव अरबी आहे. आपल्या सुराशी त्याचा काही संबंध नाही. दोन्ही शब्द सारखे झाले, तो केवळ योगायोग. तरीही आज आपण या सूर गावातून निघणार आहोत आणि खऱ्याखुऱ्या सुरांपर्यंत जाणार आहोत.

ओमानची राजधानी मस्कत. तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे दोनशे किलोमीटर गेले, की सूर लागते. पुढे थोड्याच अंतरावर अरबस्तानचे पूर्वेकडचे टोक आहे. तेथील वाळूत समुद्रातली मोठी कासवे अंडी घालायला येतात. नोकरी-व्यवसायासाठी ओमानला गेलेली मराठी कुटुंबे सुट्टीत ती पाहायला जातात. सूर गावाची खरी ओळख मात्र गलबते बांधणारे गाव अशी आहे. शेकडो वर्षे तेथील सुतारांनी शिडाची गलबते बांधली. ती बांधायला लागणारे सागाचे लाकूड आपल्या देशातून, मलबारच्या किनाऱ्यावरून जात असे. तीच गलबते पुढे खजूर घेऊन भारतात येत आणि येथून माल भरून परत जात.

१९५१ साली सूरमध्ये एक मोठे गलबत बांधले गेले. त्याचे नाव 'फतह अल खैर'. त्याने पुष्कळ वर्षे समुद्रात फेऱ्या केल्या. पुढे यंत्रावर चालणारी जहाजे आली, शिडांचे दिवस संपले. फतह अल खैर विकले गेले आणि येमेन देशात जाऊन पोहोचले. सूरमधील जुनी गलबते एकामागून एक नाहीशी झाली. तेव्हा गावकऱ्यांना वाटले, 'आपल्या हातचे एक तरी गलबत आपल्या मुलांना पाहायला मिळाले पाहिजे.' त्यांनी वर्गणी जमवली. १९९३ साली त्यांनी ते गलबत येमेनमधून परत विकत घेतले, घरी आणले आणि त्याची डागडुजी केली. आज ते सूरमध्ये जमिनीवर डौलाने उभे आहे. लहान मुले त्याच्याभोवती फिरतात आणि मान वर करून त्याच्या डोलकाठीकडे पाहतात.

गलबताची डागडुजी करता येते. घराची, देवळाची, किल्ल्याचीही करता येते. पण आवाजाची डागडुजी करता येईल का? आवाज तर हातात धरता येत नाही. तोंडातून शब्द निघाला, की तो हवेत विरून जातो. मग शंभर वर्षांपूर्वीच्या आवाजाची दुरुस्ती कशी करणार?

ती करता येते. जगात अनेक ठिकाणी असे काम चालते. ते कसे चालते, ते आता पाहू.

आधी आवाज साठवतात कसा, ते समजून घ्यायला हवे. ढोल वाजवताना त्याच्या कातड्यावर तांदळाचे दाणे ठेवून पाहा. थाप पडली की दाणे उड्या मारतात. आवाज म्हणजे कंप. वस्तू कापते, तिच्यामुळे हवा कापते आणि ती हवा आपल्या कानाचा पडदा कापवते. हा कंप कोठेतरी कोरून ठेवता आला, तर आवाज साठवता येईल, हे काही शोधकांच्या ध्यानात आले. अमेरिकेतील थॉमस एडिसन याने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. त्यात एका फिरत्या नळकांड्यावर सुईने आवाज कोरला जाई. पुढे दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरायची युक्ती काढली. हाच ग्रामोफोन. तबकडीवर गोल गोल जाणारी एक बारीक खाच असते. या खाचेला डावी-उजवीकडे सूक्ष्म वळणे असतात. ही वळणे म्हणजेच कोरलेला आवाज. सुई खाचेतून जाऊ लागली, की वळणांप्रमाणे कापते आणि आवाज पुन्हा जिवंत होतो.

या तबकड्या कशाच्या करत, माहीत आहे? लाखेच्या! पळस आणि कुसुम यांसारख्या झाडांवर बारीक किडे राहतात. ते आपल्या अंगातून लाख काढतात. आपल्याकडे या लाखेच्या बांगड्या आणि खेळणी करतात. हीच लाख शुद्ध करून आणि तिच्यात दगडाची भुकटी वगैरे मिसळून तबकड्या बनवत. ही लाख मोठ्या प्रमाणावर भारतातून जाई. म्हणजे युरोपातील एखाद्या मोठ्या शहरात लोक गाणे ऐकत असत, तेव्हा त्या तबकडीत आपल्या रानातल्या किड्यांचे कष्टही असत. भारतातही १९०२ साली कलकत्त्याला गाण्यांचे ध्वनिमुद्रण झाले. गौहरजान या प्रसिद्ध गायिकेचा आवाज तेव्हा तबकडीवर उतरला. १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्या बनवण्याचा कारखानाही निघाला.

लाखेची तबकडी एका मिनिटात सुमारे अठ्ठ्याहत्तर वेळा फिरे. तिच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटेच मावत. एखादे छोटे गाणे त्यात बसे. पण सर्वच संगीत एवढे छोटे नसते. युरोपात 'सिंफनी' नावाचा संगीतप्रकार आहे. तो गाण्याचा नाही, वाद्यांचा. साठ, ऐंशी, कधी शंभर वादक एकत्र बसतात. कोणी व्हायोलिन वाजवतो, कोणी बासरी, कोणी तुतारी, कोणी मोठे नगारे. या समूहाला वाद्यवृंद किंवा ऑर्केस्ट्रा म्हणतात. समोर उभा असलेला संचालक हातातल्या छडीने सर्वांना ताल दाखवतो. आपल्या वरातीतल्या बँडमध्ये पाच-दहा वाद्ये एकत्र वाजताना तुम्ही ऐकली आहेत. त्याच्या दहापट मोठा समूह डोळ्यांपुढे आणा आणि प्रत्येकजण कागदावर लिहिलेला आपापला भाग अगदी नेमका वाजवतो आहे, असे समजा. सिंफनी सहसा अर्धा तास, कधी एक तासही चालते.

लुडविग फान बेटहोवन हा जर्मनीत जन्मलेला थोर संगीतकार. त्याची पाचवी सिंफनी १८०८ साली व्हिएन्ना शहरात प्रथम वाजवली गेली. तिची सुरुवात चारच स्वरांनी होते. तीन आखूड, एक लांब. बाकावर बोटाने वाजवून पाहा : टक्, टक्, टक्, टऽऽक्. जणू कोणी दार ठोठावत आहे. बेटहोवन तेव्हा हळूहळू बहिरा होत चालला होता. तरीही त्याने हे संगीत मनातल्या मनात ऐकले आणि कागदावर उतरवले. त्याने स्वतः वाजवलेले आपल्याला कधीच ऐकता येणार नाही. त्या काळी आवाज साठवण्याची सोय नव्हती.

१९१३ साली बर्लिन येथील वाद्यवृंदाने ही सारी सिंफनी तबकड्यांवर उतरवली. संचालक होते आर्थर निकिश. सगळी सिंफनी मावायला आठ बाजू लागल्या. तीन-चार मिनिटे वाजवायचे, थांबायचे, नवी तबकडी लावायची आणि मग पुढचा भाग वाजवायचा. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर काढलेला असे. सर्व वादक त्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत. व्हायोलिनचा नाजूक आवाज कर्ण्यापर्यंत पोहोचत नसे. म्हणून लाकडी पेटीऐवजी पत्र्याचा कर्णा लावलेली खास व्हायोलिने त्या काळी तयार केली होती. नगारे फार जोरात वाजले तर सुई खाच सोडून उडे. म्हणून त्यांना दूर ठेवत. एवढे सायास केल्यावर कानाला काय ऐकू येई? खोल विहिरीच्या तळाशी वाद्यवृंद वाजत आहे, असे वाटे. वर तबकडीची खरखर असेच.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि आवाज बराच स्पष्ट झाला. मग फीत आली. जर्मनीत एका कागदी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या गंजासारखी बारीक भुकटी चिकटवून आवाज साठवायची युक्ती निघाली. या भुकटीत चुंबकाने आवाजाच्या खुणा उमटवता येतात. नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनचा एक वाद्यवृंद जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन या गावी गेला होता. त्याचे वादन अशा फितीवर साठवले गेले. त्याचे काही भाग आजही ऐकता येतात. १९४८ साली प्लॅस्टिकच्या, हळू फिरणाऱ्या, मोठा वेळ वाजणाऱ्या तबकड्या आल्या. तेव्हापासून एका तबकडीच्या दोन बाजूंवर सबंध सिंफनी मावू लागली. तुमच्या आजीच्या कपाटात कदाचित अशी एखादी तबकडी किंवा कॅसेट अजून असेल.

मोठमोठ्या वाद्यवृंदांचे उत्तम वादन या मूळ फितींवर आहे. मूळ फितीवरून तबकड्या निघत आणि जगभर विकल्या जात. मूळ फीत म्हणजे जणू छापखान्यातला मूळ ठसा. तो हरवला किंवा खराब झाला, तर पुढे निघणारी प्रत्येक प्रत कच्ची निघणार. म्हणून ती फार जपावी लागते.

पण फितीलाही म्हातारपण येते. काही जातींच्या फितींतील चिकट द्रव्य हवेतला ओलावा शोषून घेते. मग फीत पापडाच्या ओल्या पिठासारखी चिकट होते. ती यंत्रावर चढवली, तर भुकटी खरवडून निघते आणि तिच्याबरोबर संगीतही जाते. यावर कारागिरांनी एक गमतीदार उपाय शोधला. तुम्हांला हसू येईल, पण ते ही फीत भाजतात! खास भट्टीत सुमारे पन्नास अंश सेल्सिअस इतक्या मंद उष्णतेवर ती काही तास ठेवतात. ओलावा निघून जातो आणि फीत थोड्या दिवसांसाठी पुन्हा कोरडी होते. तेवढ्या दिवसांत तिच्यावरचा आवाज उतरवून घ्यावा लागतो. आपण सादळलेले पापड उन्हात घालतो ना? तसेच हे.

आता आवाज उतरवून घ्यायचा कशात? तर संगणकात. येथे रांगोळीचे उदाहरण घेऊ. ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी ठिपके देतात, मग ते जोडतात. पाचच ठिपके दिले, तर मोराची मान वाकडीतिकडी येईल. पन्नास दिले, तर ती सुरेख वळेल. संगणकही आवाजाची वळणे अशीच ठिपक्यांनी टिपतो. १९८२ साली बाजारात आलेल्या चकचकीत सीडीवर एका सेकंदात चव्वेचाळीस हजार शंभर ठिपके असतात. म्हणजे एका मिनिटात सव्वीस लाख सेहेचाळीस हजार! आता जुन्या फिती उतरवताना कारागीर कधी एका सेकंदात ९६,००० तर कधी १,९२,००० ठिपके घेतात.

प्रत्येक ठिपका किती उंचीवर द्यायचा, हेही मोजावे लागते. तुमच्या पट्टीवर फक्त सेंटिमीटरच्या खुणा असतील, तर पेन्सिलीची लांबी ढोबळ कळेल. मिलिमीटरच्या खुणा असतील, तर अधिक नेमकी कळेल. सीडीच्या पट्टीवर ६५,५३६ खुणा असतात. नव्या पद्धतीच्या पट्टीवर १,६७,७७,२१६ खुणा असतात. अशा रीतीने अतिशय बारकाईने उतरवलेल्या आवाजाला 'हाय रेझोल्यूशन' म्हणजे उच्च सूक्ष्मतेचा आवाज म्हणतात. जुने वादन असे उतरवून, साफ करून नव्याने काढणे म्हणजे 'रिमास्टरिंग'.

येथे एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. माणसाच्या कानाला एका सेकंदात वीस कंपांपासून सुमारे वीस हजार कंपांपर्यंतचेच आवाज ऐकू येतात. तेवढ्यासाठी सीडीवरचे ठिपके पुरतात. मग त्याहून जास्त ठिपके घेतल्याने कानाला खरेच फरक कळतो का, यावर जाणकारांत वाद आहे. तर मग एवढा खटाटोप कशाला? कारण साफसफाई करताना जागा लागते. बारीक अक्षर मोठ्या कागदावर खोडले, तर शेजारचे अक्षर पुसले जात नाही. तसेच बारीक खुणांची पट्टी असली, तर दुरुस्ती करताना मूळ आवाजाला धक्का लागत नाही. नव्या प्रतीत जी सुधारणा ऐकू येते, ती पुष्कळदा ठिपक्यांच्या संख्येमुळे नसते. चांगली मूळ फीत शोधली, तिला योग्य यंत्रावर चढवले आणि काळजीपूर्वक काम केले, त्यामुळे असते. मोठा आकडा पाहून भुलू नये. कष्ट कोणी, कसे केले, ते पाहावे.

आता कारागीर कसे काम करतो, ते पाहू. तो आधी सर्वांत चांगली मूळ प्रत शोधतो. लाखेची तबकडी असेल, तर ती अलगद धुतो, कारण खाचेत वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. मग निरनिराळ्या जाडीच्या सुया लावून पाहतो. जुन्या सुईने खाचेचा जो भाग झिजला, तो सोडून न झिजलेल्या भागाला टेकणारी सुई त्याला हवी असते. मग वेग तपासतो. जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या नसत. वेग थोडा वाढला, तर सूर चढतो आणि धीरगंभीर वादन घाईघाईचे वाटते. वेग कमी झाला, तर सूर उतरतो. म्हणून त्या वाद्यवृंदाचा सूर त्या काळी कोणत्या पट्टीत असे, याचाही अभ्यास करावा लागतो.

यानंतर येते रफूचे काम. तुमच्या सदऱ्याला छोटे भोक पडले, तर आई किंवा रफूवाला शेजारचे धागे पाहून, तसेच धागे घालून ते भरतो. तबकडीवर चरा असेल, तर 'टिक' असा आवाज येतो. तो एका सेकंदाचा अगदी छोटा भाग असतो. संगणकाच्या मदतीने कारागीर तेवढाच भाग काढतो आणि त्याच्या आधीचा व नंतरचा आवाज पाहून भोक भरून काढतो. एका सिंफनीत असे हजारो चरे असू शकतात.

मग उरते ती सतत चालणारी बारीक खरखर. आणि येथेच खरी परीक्षा असते. कोणीही म्हणेल, "खरखर सगळी काढून टाका की!" पण व्हायोलिनचा गज तारेवर घासतो, तेव्हाही बारीक सरसर होते. बासरी वाजवणारा श्वास घेतो, तोही सूक्ष्म आवाज असतो. मोठ्या सभागृहात स्वर थांबल्यावर थोडा वेळ तो घुमतो. खरखर पुसता पुसता हेही पुसले जाते. मग उरते ते स्वच्छ, पण निर्जीव संगीत. जुन्या देवळातील मूर्तीवरचा शेंदूर काढताना कोणी नाकडोळेच घासून टाकावेत, तसे ते होते. म्हणून चांगला कारागीर वारंवार थांबतो, ऐकतो आणि स्वतःला विचारतो, "हा मळ आहे, की हे संगीत आहे?" शंका आली, तर तो हात आवरतो. थोडी खरखर राहिली तरी चालते. वादकाचा श्वास जाता कामा नये.

सूरच्या गलबताचेही असेच आहे. डागडुजी करताना कोणी त्याला प्लॅस्टिकच्या फळ्या लावल्या आणि त्यात यंत्र बसवले असते, तर ते अधिक टिकाऊ झाले असते कदाचित, पण फतह अल खैर राहिले नसते.

असे काम सध्याही चालू आहे. व्हिएन्ना येथील वाद्यवृंदाने वाजवलेली बेटहोवनची सातवी सिंफनी १९७६ साली प्रसिद्ध झाली होती. संचालक होते कार्लोस क्लायबर. २०२३ साली तिच्या मूळ फितींवरून नव्याने तबकड्या काढल्या गेल्या. हे काम ज्या कार्यशाळेत झाले, ती बर्लिनमध्ये आहे. तिला नाव आहे एमिल बर्लिनरचे. आठवते ना? सपाट तबकडीची युक्ती काढणारा तोच बर्लिनर.

तुम्ही म्हणाल, हे सारे परदेशी संगीत. आपला त्याच्याशी काय संबंध? तर ऐका. मुंबईत मेहली मेहता नावाचे एक व्हायोलिनवादक होते. त्यांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी वाजवणारा वाद्यवृंद स्थापन केला. पुढच्याच वर्षी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव झुबीन. घरात वाद्यांचा आवाज ऐकतच तो वाढला. मोठेपणी तो जगातील नामवंत वाद्यवृंदसंचालक झाला. १९७१ साली त्यांनी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या वाद्यवृंदाकडून 'द प्लॅनेट्स' म्हणजे 'ग्रह' ही रचना वाजवून घेतली. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने पहिल्या महायुद्धाच्या काळात ती केली. तिचे सात भाग आहेत. मंगळ, शुक्र, बुध, गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून. मंगळाचा भाग युद्धाच्या नगाऱ्यांसारखा धडधडतो. नेपच्यूनचा भाग हळूहळू इतका मंद होत जातो, की संगीत संपले कधी, तेच कळत नाही. असा मंद शेवट जुन्या खरखरीत तबकडीवर बुडून गेला असता. चांगल्या फितीवर उतरल्यामुळे आणि पुढे काळजीने पुन्हा पुन्हा काढल्यामुळे मुंबईत जन्मलेल्या संचालकाचे हे वादन आजही बारकाव्यांसह ऐकता येते.

ओमानचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथील सुलतान काबूस यांना सिंफनी फार आवडत असे. १९८५ साली त्यांनी आपल्या देशाचा वाद्यवृंद उभा केला. त्यात ओमानचीच मुले-मुली घेतली. त्यांतील अनेकांनी व्हायोलिन किंवा तुतारी तोपर्यंत हातात धरलीही नव्हती. शिक्षक परदेशातून आले. मुले सुरुवातीपासून शिकली आणि पुढे मोठ्या सभांत वाजवू लागली. पण याच देशाने आपले लोकसंगीतही विसरले नाही. गावोगावची गाणी, शीड चढवताना नावाडी म्हणत ती गाणी, लग्नातली गाणी गोळा करण्याचे आणि ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम तेथे हाती घेतले गेले. दुसऱ्याचे चांगले शिकायचे आणि आपले चांगले जपायचे, ही दोन्ही कामे एकत्र करता येतात.

आणि जपले नाही तर काय होते? जून २००८ मध्ये अमेरिकेत हॉलिवूडमधील एका चित्रपट कंपनीच्या आवारात मोठी आग लागली. तेथील एका गोदामात ध्वनिमुद्रणाच्या मूळ फिती ठेवलेल्या होत्या. त्यांतील अनेक जळून गेल्या. ज्यांच्या प्रती दुसरीकडे नव्हत्या, त्यांची डागडुजी आता कोणताही कारागीर करू शकत नाही. राखेला रफू होत नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. बालगंधर्वांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचे गाणे तबकड्यांवर आहे. मिरजेला राहणारे अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. पण त्यांचा गोड, टोकदार सूर तीन-चार मिनिटांच्या तबकड्यांत जपला गेला. आज तो घरबसल्या ऐकता येतो. बालगंधर्वांचे गुरू होते भास्करबुवा बखले. पुण्याचे भारत गायन समाज त्यांनीच स्थापन केले. ते १९२२ साली वारले. त्यांचे गाणे ऐकलेल्यांनी ते फार थोर होते असे लिहून ठेवले आहे. पण त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका आज आपल्याजवळ नाही. गुरू कसे गात, ते शिष्याच्या गळ्यातून अंदाजाने ओळखायचे, एवढेच आपल्या हाती आहे. संगणक कितीही हुशार असला, तरी जे साठवलेच नाही, ते तो परत आणू शकत नाही.

मुलांनो, तुमच्या घरातही एक छोटा खजिना असू शकेल. माळ्यावरच्या एखाद्या डब्यात जुन्या कॅसेट असतील. एखादीवर पणजीने म्हटलेली जात्यावरची ओवी असेल. एखादीवर बाबांनी लहानपणी म्हटलेले बडबडगीत असेल. ती कॅसेट सापडली, तर लगेच यंत्रात घालू नका. तिच्यावरची धूळ मऊ कापडाने पुसा. ऊन, ओल आणि लोहचुंबक यांपासून ती दूर ठेवा. तिच्यावर काय आहे, केव्हाचे आहे, आवाज कोणाचा आहे, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा. मग जाणत्या माणसाकडून तिच्यावरचा आवाज उतरवून घ्या. उतरवल्यावरही मूळ कॅसेट टाकू नका. पुढे आणखी चांगली यंत्रे निघतील, तेव्हा तीच उपयोगी पडेल.

आणि कॅसेट नसेल, तरी हरकत नाही. आजी घरात आहे ना? तिला एक गाणे म्हणायला सांगा. ते मोबाइलवर उतरवून घ्या. मध्येच तिला खोकला आला, बाहेर कोंबडा आरवला किंवा स्वयंपाकघरात भांडे पडले, तर ते पुसू नका. पुढे तुमची नातवंडे ते ऐकतील, तेव्हा त्यांना आजीच्या गाण्याबरोबर तिचे घरही ऐकू येईल.

सूरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून आपले गलबत परत आणले. ते आता समुद्रावर जात नाही. पण त्याच्याकडे पाहून तेथील मुलांना आपल्या आजोबांचे हात कसे होते, ते कळते. जुने सूरही तसेच असतात. ते जपणाऱ्याचे कान जागे हवेत आणि हात हलके हवेत.